कॅफेटेरियातली आंतरराष्ट्रीय परिषद

डॉक्टर, इथे आखातातल्या आपल्या कॉलेजात सगळेच तुम्हाला असं म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे. नव्वदच्या दशकाचा तो शेवट. खजुराच्या बागांमधल्या विहिरी खाऱ्या का होत चालल्या आहेत, यावरचा तुमचा शोधनिबंध युरोपातल्या एका परिषदेने स्वीकारला होता आणि व्हिसा काही येत नव्हता. तुम्ही गाझाचे. तुमच्याकडे पासपोर्ट नव्हता, इजिप्तने निर्वासितांना दिलेला प्रवासाचा दाखला होता, आणि तो दाखवून खुद्द इजिप्तमध्ये शिरायलाही वेगळी परवानगी लागायची. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ऑफिसातून कळलं. वकिलातीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि परिषदेचा आठवडा उजाडला. तुम्ही नोटीसबोर्डावर कागद लावलात. निबंधाचं नाव, तुमचं नाव, परिषदेत तुम्हाला दिलेला वार, तीच वेळ, आणि खाली ‘प्रश्नोत्तरे होतील’.

विभागप्रमुख आमच्यासमोरच म्हणाले, “डॉक्टर, प्लीज. हे प्रोटेस्ट वाटेल. रूम मिळणार नाही.” तुम्ही म्हणालात, “प्रोटेस्ट नाही, लेक्चर आहे. तुम्हीही या. फक्त प्रश्न अवघड विचारा.” करामा वस्तीतल्या आमच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. “तू जाऊ नकोस. उद्या त्यांची नोकरी गेली की व्हिसाही खलास. आपलंही तसंच आहे, बाळा. आपल्याला निदान पुणं तरी आहे.” त्या ‘निदान’वर मी आजही अडते. बाबा भित्रे होते असं लिहायला हात धजत नाही. ते खरं बोलत होते. तरी मी गेले.

रूमला कुलूप होतं, म्हणून तुम्ही प्रोजेक्टर कॅफेटेरियात आणलात. शीतपेयांचा फ्रिज भिंतीकडून फिरवून त्याच्या पांढऱ्या पाठीवर आलेख पाडलात. तुम्ही सूट घातला आहे, मे महिना आहे, आणि काउंटरवरचा केरळी माणूस विचारतो आहे, “डॉक्टरसाब, चाय बंद करूँ?” तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत म्हणता, “चालू रखो, हबीबी. कॉन्फरन्स में चाय होता है.” सगळे हसतात. मग आमच्या वर्गातला एकजण तुमची ओळख करून द्यायला उठतो. “आपले डॉक्टर, ज्यांनी आपली मायभूमी गमावली...” एवढंच तो बोलतो, आणि तुम्ही हात वर करता. “खलास. बस खाली. विषय पाण्याचा आहे. माझं गाव चहाच्या वेळी विचार.”

शेवटी प्रश्न. मी उभी राहिले आणि तुम्हाला तिथे जाता आलं नाही याचं किती वाईट वाटतं, असं काहीतरी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “बिंती,” म्हणजे मुली, असंच तुम्ही आम्हाला म्हणायचात, “हा प्रश्न व्हिसा ऑफिसरला विचार. मला पाण्याचा विचार.” माझे कान तापले. रागानेच विचारलं, “नमुने फक्त हिवाळ्यातच का घेतलेत? उन्हाळ्यात उपसा वाढतो, तेव्हाचा खारटपणा कुठे आहे?” तुमचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. “नाही घेतले. ही या कामातली खोट आहे,” तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. दाराशी उभे असलेले विभागप्रमुख निघून गेले.

पुढच्या वर्षी तुमचा करार वाढवला गेला नाही. त्या दुपारमुळे का, मी सांगू शकत नाही. पुराव्याशिवाय निष्कर्ष तुम्ही आम्हाला कधी काढू दिला नाहीत. नोकरीबरोबर इथे राहण्याचा हक्कही गेला. तुम्ही येमेनमधल्या एका छोट्या कॉलेजात गेलात, तिथेही विहिरीच मोजल्यात, आणि तिथेच वारलात.

गेल्या महिन्यात अबू धाबीच्या एका हॉटेलात जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलन झालं. तुमच्यावर मी बोलायचं ठरलं होतं. कार्डावर छापलं होतं, ‘बेघर शिक्षकाला मानवंदना’. मी आयोजकांना सांगितलं, हे काढा, नाहीतर मी बोलणार नाही. त्यांनी कुरकुरत काढलं. मग मी तुमचा खारेपणाचा आलेख लावला आणि बराच वेळ फक्त पाण्यावर बोलले. लोक कंटाळले, कोणी फोनमध्ये डोकं घातलं, आणि तुमची ओळख करून द्यायला उठलेला तोच मित्र पहिल्या रांगेतून कुजबुजला, “यल्ला, थोडं पर्सनल बोल ना यार, लोक रडायला आलेत!” मी पुढचा आलेख लावला. तुम्ही पाण्याचे शास्त्रज्ञ होतात, आणि त्या सभागृहात निदान अर्धा तास तेवढेच राहिलात.

पण अल रीम बेटावरच्या माझ्या घरी परत आल्यावर मी हे लिहायला बसले, आणि बघा, यात पाणी किती थोडं आहे. सूट आहे, दाखला आहे, बाबांचं ‘निदान’ आहे. तुम्ही यातलं निम्मं खोडून ‘विषय सोडून’ असं समासात लिहिलं असतं. लिहा. मी ते पुन्हा लिहीन.