अमृतसर : अर्थ आणि वापर

३ मार्च

आज कामावर गेलो. ही गेल्यापासून एकविसावा दिवस. टेबल कुणीतरी पुसून ठेवलं होतं. टंकलेखक बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला, बोलल्या काही नाहीत. बरं वाटलं.

घरी आल्यावर सवयीने बेल दाबली. मग खिशातून किल्ली काढली.

४ मार्च

आमच्या गावनावांच्या कोशात प्रत्येक नावाचं एक कार्ड असतं. वर अर्थ, खाली वापर. अर्थ पुस्तकांतून मिळतो. वापर मात्र त्या गावात वाढलेल्या माणसाच्या तोंडचाच लागतो, आणि छापायला जाताना तो माणूस हयात लागतो. शंका आली तर विचारणार कुणाला, असं संपादकांचं म्हणणं. नियम मला नेहमीच पटत आला.

‘अ’चा गठ्ठा शुक्रवारी छपाईला जायचाय. त्यात अमृतसर आहे. अर्थ : अमृत आणि सर, म्हणजे अमृताचं तळं. आधी तळ्याचं नाव, मग गावाचं. त्याखाली वापर, हिच्या शब्दांत — “घरात आम्ही अंबरसरच म्हणतो. पत्त्यावर अमृतसर लिहितो. आणि प्रार्थनेत नाव आलं की पुढे ‘जी’ लावतो, घरातल्या मोठ्यांना लावतात तसं.” सांगणार : ही. वय सेहेचाळीस.

हे लिहून घेतलं तेव्हा ती मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. सुईवरची नजर न काढता म्हणाली, “बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गावाचं काही विचारलंत. तेही ऑफिससाठी.” मी हसलो होतो.

संपादकांनी आज दार लोटून घेतलं. “बोलायला जीभ रेटत नाही, पण त्यांचं वाक्य काढावं लागेल. नुसता अर्थ ठेवू. नाहीतर त्यांच्या माहेरच्या कुणाचा तरी दुजोरा आणा — मग राहील, त्यांच्या नावासकट.”

मी बरं म्हणालो.

५ मार्च

ताईचा फोन. “तिच्या माहेरी कळवलंस?”

नाही म्हणालो.

“अरे, सख्खा भाऊ आहे तिचा! महिना होत आला.”

“त्यांनी संबंध तोडलेत, ताई.”

“तोडू देत. कळवायचं आपण.” मग म्हणाली, “तू लहानपणापासून असाच. दात दुखतोय हे घरात कळायचं गाल सुजल्यावर.”

लग्नाला त्यांच्याकडून कुणी आलं नव्हतं. वर्षाने ही एकटीच जाऊन आली. पिशवी खुंटीला अडकवली आणि तडक कामाला लागली. चेहरा उतरलेला. मी काय ते समजलो. विचारलं नाही — खपली कशाला काढा. त्यानंतर ती कधी गेली नाही.

तिच्या वहीत नंबर सापडला. भावाला ती वीरजी म्हणायची, तसंच लिहिलंय. आठ आकडे दाबले. पुढचे दोन दाबले नाहीत.

५ मार्च, संध्याकाळ

नाही जमलं.

६ मार्च

वाक्य काढू द्यायचं नाही, एवढंच मनाशी धरलं आणि ऑफिसच्या जिन्यातून फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. मी कोण ते सांगितलं.

“जीजाजी? ती बरी आहे ना? तीन रविवार तिचा फोन बंद लागतोय.”

कुठले रविवार, कळेना. सांगून टाकलं. दहा तारखेला, बसस्टॉपवर, हृदय बंद पडलं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मग लांबून एका म्हातारीचा आवाज आला — कोण आहे, काय म्हणतोय. त्याने तिला सांगितलं असावं. पुढचं ऐकवेना, पण फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “माझ्याकडे काही काम होतं?”

लाज वाटली. तरी कार्ड वाचून दाखवलं. “असंच म्हणतो आम्ही,” तो म्हणाला. “पुन्हा वाचा.”

पुन्हा वाचलं.

दुजोरा : भाऊ. गठ्ठा चारला छपाईला गेला. तिचं वाक्य तिच्या नावासकट राहिलं.

८ मार्च, रविवार

सकाळी त्याचाच फोन आला. म्हणाला, हीच वेळ असायची. मी भाजी आणायला बाहेर पडलो की ती फोन करायची. दर रविवारी.

मी विचारलं, “तुम्ही संबंध तोडले होते ना?”

“आम्ही? कशासाठी?” लग्नाच्या आठवड्यात आजी गेली, म्हणून कुणी आलं नाही. हिला तेव्हाच कळवलं होतं.

“मग ती कधी आली का नाही?”

“आई दरवर्षी विचारायची. ती म्हणायची, मी एकटी येऊन गेले ना. आता हे आपणहून ‘चल’ म्हणतील, तेव्हा येईन.”