आदेशार्थ सादर

मुंबई,
३ ऑगस्ट १९५८

ती. दादांस श्रीकांतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

या अमेरिकन कंपनीत आल्यापासून मी अवाक् झालो आहे. आमचे यंत्र मिनिटाला शेकडो कार्डे गिळते आणि त्यांतल्या एकेका भोकाचा अर्थ लावते! माणसांनाही ग्रेडी आहेत, एक ते चौदा. मी दुसरीत. मुली कार्डांना भोके पाडतात, तेच आकडे मी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा दाबून चुका पकडतो. चौदावी ग्रेड अमेरिकेत बसते. तिला इथे कोणी पाहिलेले नाही, पण नुसते नाव निघाले तरी सगळे सरळ बसतात.

परवा वरून हुकूम आला की दुहेरी तपासणी बंद. महिनाअखेर आम्ही बावीस जण घरी. वर विचारायची सोयच नाही. धाकट्या बहिणीला, कुसुमला, एवढ्यात सांगू नका, माझ्याकडे शिकायला यायचे ती मनात धरून बसली आहे.

आपला,
श्रीकांत

बुऱ्हाणपूर,
७ ऑगस्ट १९५८

चि. श्रीकांत यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचले. दुसरी ग्रेड म्हणून तुझ्या आईने साऱ्या बुधवारा मोहल्ल्यात पेढे वाटले होते. सरकारी रिवाजाने पहिल्या वर्गाच्या खालोखाल तूच! कंपनीत तळापासून मोजतात हे आम्हा तहसिलीतल्यांना कसे कळावे?

आता ऐक. आमच्याकडे हुकूम पूर्वी नागपूरहून यायचे, आता भोपाळहून येतात. पण वर जाणारे टिपण खालचा कारकूनच लिहितो, तसे तूही लिही. डावीकडे समास सोड. गेल्या महिन्यात किती चुका पकडल्या तेवढेच लिही, रडगाणे नको. शेवटी 'आदेशार्थ सादर', आणि खाली प्रत्येक साहेबाच्या सहीला जागा ठेव. रिकामी जागा दिसली की साहेबाला सही केल्यावाचून राहवत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे दादा

मुंबई,
३० ऑगस्ट १९५८

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

'आदेशार्थ सादर'ला इंग्रजी सापडेना, म्हणून 'आपण सांगाल ते करू' असे लिहिले. असला कागद इथे कोणी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या ग्रेडीने सही केली, मग चौथीने, आणि सह्या घेत घेत तो विमानाने अमेरिकेला गेला! काल परत आला. दादा, चौदाव्या ग्रेडीची सही मी या डोळ्यांनी पाहिली.

सहीच्या वर त्या साहेबाने लिहिले होते, 'मी हुकूम दिलाच नव्हता. दुहेरी तपासणी अजून लागते का, एवढेच विचारले होते.' त्या प्रश्नाची तेराव्या ग्रेडीत सूचना झाली, नवव्या ग्रेडीत अपेक्षा आणि पाचव्या ग्रेडीत हुकूम. आम्ही बावीसही जण कामावर आहोत. दिवाळीनंतर कुसुमला पाठवा.

आपला,
श्रीकांत

बुऱ्हाणपूर,
३ सप्टेंबर १९५८

चि. श्रीकांत यास अ. उ. आ.

जीव भांड्यात पडला. तुझी आई इच्छापूरला देवीची ओटी भरायला गेली आहे. कुसुमने आतापासूनच ट्रंक काढली.

मी मात्र तुझे पत्र घेऊन ओट्यावर बसून आहे. एवढा मोठा माणूस, आणि त्याने फक्त विचारले होते! माझी सारी नोकरी वरून आलेला कागद कपाळाला लावण्यात गेली. त्यांतल्या कितींनी मला नुसते विचारले असेल, श्रीकांत, आणि मी 'जी हुजूर' म्हणत राहिलो?

पत्र धाडीत जा, म्हाताऱ्यावर माया असू दे.

दादा