पाय टेकला तो कुठे?

रविवार, संध्याकाळ. मुक्काम दहिवेल.

कोंडाईबारीचा घाट चढलो! सुरतेहून दोन सायकलींवर, मी आणि सुनंदा. दिवाळीची सुट्टी लागली आणि गावी सायकलने जाणार म्हटलं, तेव्हा कडोदऱ्याच्या कारखान्यातले सगळे हसले. "नवापूरला टेम्पोत बसशील." मला राग आला. सांगून बसलो, अख्ख्या घाटात पाय टेकणार नाही.

आणि टेकला. तेच डोक्यात फिरतंय. घाटात टेकला, की घाट संपल्यावर?

चढ कसला, जीव काढणारा! सुनंदा पुढे, मी मागे. प्रत्येक पायडलला चेन करकरत होती. एकदम करकर थांबली, पायडल हलकं झालं. उभं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमवर गेलंय माझं. चालत्या मशीनचा आवाज बदलला की धागा तुटला, डोक्याआधी हात बंद करायला जातो. तसाच गेला. ब्रेक दाबला, पाय टेकला, चेन बघायला वाकलो.

सुनंदा वळून ओरडली, "आहो, चेन जागावरच शे! घाट सरना!" घाट संपला म्हणे, आणि हसतच सुटली.

पण ती बायको माझी, माझ्याच बाजूने बोलणार. कारखान्यात कोण मानेल? मलाच पटेना.

मग चेन चाचपताना ब्रेक सुटला, आणि सायकल माझा हात ओढत पुढे निघाली. कुणी ढकललं नव्हतं. उताराला लागली होती, गावाकडे तोंड करून.