मुलीच्या वर्गात एक वर्ष

गुरुजी,

तुमच्या एका वाक्याची खरी किंमत सांगतो. सातवीपुढची सगळी शाळा, आणि नंतर वीस वर्षं बँकेचा फॉर्म भरून घ्यायला दुसऱ्याच्या पुढ्यात उभं राहणं. वाक्य तुमच्या ध्यानातही नसेल. अपूर्णांकाचं गणित चुकलं म्हणून हदगावच्या त्या वर्गात तुम्ही माझे दोन्ही कान धरून मला पोरांकडं वळवलं आणि म्हणालात, "बघा रे, देवानं ह्याला कानच दिले, मधली जागा मोकळी सोडली." पोरं हसली. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आलो नाही, आणि तुम्ही घरी साधा निरोपही धाडला नाही.

त्याच कानांवर नांदेडात दुकान उभं केलं. पाण्याची मोटार चालू केली की नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेले इंजिनियर माझ्याकडं मोटारी आणतात. तुम्ही गेलात त्या दिवशी मी हदगावातच होतो, एकाच्या विहिरीवर मोटार बसवत. मातीला आलो नाही. मुद्दाम.

करोनात चौथीतल्या माझ्या मुलीचा वर्ग फोनवर भरायला लागला. दुकान बंद, म्हणून मी तिच्या बाजूला बसायचो. मॅडमनी काही विचारलं की मी हळूच उत्तर सांगायचो, ती मोठ्यानं म्हणायची. "शाब्बास!" मॅडम म्हणायच्या आणि छाती माझी फुगायची. अपूर्णांक तर एकही चुकलो नाही. गल्लीभर सांगत सुटलो, आमची पोरगी वर्गात पहिली.

पाचवीत शाळा उघडणार म्हटल्यावर तिचं पोट दुखायला लागलं. बायको म्हणाली, "ताप न्हाई, काई न्हाई. भ्यायली हाय ती."

"भ्यायचं कशाला? मास्क हाय, सॅनिटायझर हाय," मी म्हणालो.

पोरगी पांघरुणातून बोलली, "करोनाला कोण भ्यायलंय? मॅडमनी विचारलं तर तुम्ही येऊन बसणार का बाजूला?"

"जा की," बायको म्हणाली. "बाकावर मावता का बघा."

पोरगी मात्र रडून राहिली होती. "मला काहीच येत न्हाई, सगळे हसतील, मी शाळाच सोडते." गुरुजी, ह्या खेपेला तुमचा दोष काढता येईना, आणि त्याचाच राग जास्त आला.

आठ दिवस दुपारचं दुकान बंद ठेवलं. भाकरी तिच्यापुढं ठेवतो. ती अर्धी करते, पाव करते, चुकते, थांबते, पुन्हा मांडते. मी तोंड उघडत नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटार खांद्यावर घेणं सोपं. मग तिला घेऊन शाळेत गेलो. पाचवीलाही त्याच मॅडम होत्या, त्यांना खरं सांगितलं.

"दादा, तुमची कुजबुज सगळ्या वर्गाला ऐकू यायची," मॅडम म्हणाल्या. "येऊ द्या तिला. निम्मी पोरं अशीच आहेत. पंधरा दिवस मी कुणाला एकट्याला उभंच करणार नाही."

एवढंच लागतं, गुरुजी. एवढंसुद्धा तुमच्याच्यानं झालं नाही. पोरगी माझा हात सोडून आत गेली.

हे पत्र तुमच्या मुलाच्या पत्त्यावर टाकणार होतो. तुमच्या घरात कुणीतरी मोठ्यानं वाचलं असतं की मला अपूर्णांक येतात. नाही टाकत. ती चौथीची गणितं होती, आणि मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो.