इब्तिसामचं काचेचं कपाट

प्रिय इब्तिसाम,

कपाट झालं. आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. नवरीकडून जाणाऱ्या सामानाच्या गाडीवर काचेचं कपाट दिसलं नाही तर लग्न विसरा, असं तुझी होणारी सासू, वजीहची आई तहानी बजावून गेली, त्याला दीड महिना झाला. ज्यातला कप कुणी जन्मात ओठाला लावत नाही, त्या कपाटावाचून माझ्या लेकीचं लग्न अडावं याचा मला अजूनही राग येतो. तो गिळून मी शुक्रवारच्या जुन्या बाजारात गेले.

मिळालं ते अगदीच केविलवाणं. एक पाय तुटका, बिजागऱ्या गंजलेल्या, पाठ किडीने पोखरलेली. विकणारा म्हणाला, "मावशी, जाळायला नेताय का?" म्हटलं, "नाही रे, नांदवायला." आपल्या दुम्यात शहरात घरटी एक सुतार, त्यामुळे जुनं लाकूड दारात उतरलं की गल्लीची तोंडं सुटतात. अमीनचाचा तर म्हणाले, "वरून पातळ प्लाय मार, कुणाच्या बापाला कळतंय!" मी ऐकलं नाही. कीड काढली, भोकं पुट्टीने बुजवली, पाय नवा बसवला.

तुझे बाबा गेल्यापासून त्यांच्या पॉलिशच्या सामानाला मी हात लावला नव्हता. तीस वर्षं त्यांचा हात फिरताना बघितला, आपल्याला जमेल असं वाटलं, आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. समुद्रावरून दमट वारा सुटलेला, मी खिडकी उघडी ठेवून चपड्याचं पॉलिश लावत बसले. दुपारपर्यंत सगळं कपाट आजाऱ्याच्या जिभेसारखं पांढरट. खरं सांगते, रडले. मग स्पिरिटने सगळं पुसलं, कोरड्या हवेची वाट पाहिली आणि पुन्हा बोळा हातात घेतला. पॉलिशचे अकरा हात दिले.

काल तहानी बघायला आली. बोट फिरवून म्हणाली, "चकाकतंय खरं. पण सामानाच्या यादीत नवीन म्हणूनच लिहा हं, माझ्या बहिणी वाचतील." मी म्हटलं, "सामान मिळालं म्हणून यादीवर सही तुमचा मुलगा करणार, त्याला खोट्यावर कशाला करायला लावता? जुनं, नवरीच्या आईने दुरुस्त केलेलं, असंच लिहीन. आणि गाडीवर सगळ्यात पुढे ठेवीन, चादर न घालता." अर्धा चहा टाकून ती गेली. लग्न राहील की मोडेल, मला माहीत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा तुझी कॉलेजातली मैत्रीण सुआद सुट्टीला इकडे आली, तिच्या तोंडून निघून गेलं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी तू भरलीच नाहीस. ते पैसे नव्या कपाटासाठी बाजूला ठेवलेस आणि मला फोनवर रोज "सगळं ठीक" म्हणत राहिलीस. मुदत गुरुवारी संपते. पुन्हा फोन केला असता तर तू मला गुंडाळलं असतंस, म्हणून हे सुआदच्याच हाती देतेय, आणि ती तुला धरून कॉलेजच्या कचेरीत नेणार आहे. फी भर. वजीहला हे कपाट चाललं तर लग्नाला ये, नाही चाललं तर परीक्षा देऊन ये. दोन्ही वेळा दार उघडायला मीच असेन.

तुझीच,
आई