ट्रॉलीखालची सावली

पेटंट कार्यालयातील परीक्षक साहेबांस,
चनबसप्पाचा सोलापुरातून नमस्कार.

माझा मुलगा संगमेश चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. ऊसतोडीच्या मजुरांमागे फडात आपोआप सरकणारा ट्रॅक्टर त्याने बनवला आहे. त्याचा अर्ज तुमच्यापुढे तपासणीला आला आहे. मी चौथी शिकलेला माणूस, चूकभूल पोटात घाला.

साहेब, ऊन चढले की तोडणाऱ्या बाया लेकरांना ट्रॉलीखाली सावलीला निजवतात. म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक पत्र्यावर थाप मारून, खाली वाकून बघून मगच गाडी हलवायचो. या गाडीचे डोळे फक्त पुढे बघतात.

संगमेशला हे सांगितले, तर तो हसला. "अप्पा, खालचा सेन्सर नंतर बसवू की. साहेब एवढंच बघत्यात, कल्पना नवी हाय का न्हाय. खाली कोण झोपलंय ते कशाला इचारतील?"

तेव्हापासून डोळे मिटले की मला ते चाक हलताना दिसते. तुम्ही त्याला हे विचारावे असे फार वाटते. पण त्यामुळे अर्ज अडला, तर पोराची सगळी मेहनत माझ्या हाताने बुडेल. म्हणून पत्र पेटीत टाकायचा धीर होत नाही.

उद्या मोहोळजवळच्या फडात गाडीची चाचणी आहे. मी तिथे जाऊन, दर वेळी ती हलायच्या आधी खाली वाकून बघणार आहे. हे ऐकून बायको नीलम्मा म्हणाली, "अवो, गुडघे वाकत्यात व्हय तुमचे?"

वाकत नाहीत, साहेब.

आपला,
चनबसप्पा, जुना ट्रॅक्टर ड्रायव्हर