अर्थिंगचं पाणी

बाबा, तुमच्या स्पीकरांत घरघर यायला लागली होती. आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला दवाखान्यात होती आणि बीडचं घर बंद करून मी तिच्याजवळ. परत आल्यावर तिनं चहासुद्धा मागितला नाही. खाटेवर टेकली आणि म्हणाली, "त्यांची कॅसेट लाव." तुमच्या आवाजात भरलेली वंदना. तुम्ही गेल्यापासून तिची सकाळ त्यावरच सुरू होते. मी बटण दाबलं तर नुसतं घर्रर्र, आणि त्याच्या तळाशी कुठंतरी तुम्ही. आईनं थोडा वेळ कान दिला, मग भिंतीकडं तोंड करून पडली. मला लई वाईट वाटलं.

मग लागले हात धुऊन मागं. तुम्ही शिकवलं तसंच, एका वेळी एकच गोष्ट बघायची. टेपची वायर अँप्लिफायरमधून काढली, घरघर आहेच. ट्यूबलाइट बंद, फ्रीज बंद, तरी आहेच. स्पीकरच्या वायरी लाइटच्या वायरीपासून लांब सरकवल्या, काही फरक नाही. तुम्ही असता तर खुर्चीवरून म्हणाला असता, "तापू नको, आधी ऐक." माझं हे तापणं तुमच्याकडूनच आलंय, पण ते तुम्ही कधी मानलं नाही. शेवटी वैतागून अँप्लिफायरच्या पत्र्यावर हात आपटला आणि आवाज निम्म्यावर आला. हात काढला की पुन्हा घरघर. तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात, बनियनवर, हातात तांब्या.

न्हाणीमागं पुरलेली आपली अर्थिंग. तिथली माती वाळली की स्पीकर घरघरतो, म्हणून भर उन्हाळ्यात तुम्ही रोज सकाळी तिथं पाणी ओतताय, आणि आई दारातून ओरडतेय, "टँकरची वाट बघून डोळे दुखाया लागले, अन् तुमी मातीला पाणी पाजा. देव हाय का काय तितं?" तुम्ही शांतपणे तांब्या उपडा करता. "देव न्हाई, तार हाय." त्यावर ती दिवसभर बोलत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलात की तिच्या आवडीची कॅसेट लावून तुम्हीच तिला बोलतं करता.

मी मागं जाऊन पाहिलं तर माती भेगाळलेली. पण तुमच्यामागं इतके उन्हाळे गेले आणि स्पीकर कधी घरघरला नव्हता. आत येऊन विचारलं, "आई, अर्थिंगला पाणी कोण घालत होतं?"

"कोन घालनार? मीच की," ती छताकडं बघत म्हणाली. "भांडी इसळल्यालं असायचं." मग उशी सारखी करत, "चांगलं बी घालायची कवाकवा."

मी बादलीभर ओतलं. थोड्या वेळानं कॅसेट लावली आणि तुम्ही स्वच्छ ऐकू आलात, मधेच खोकलात तेसुद्धा. आईनं पदरानं डोळे पुसले आणि मला जवळ बोलावलं. "ते व्हते तवाबी," ती हळूच म्हणाली, "हापिसात गेले की मी दुपारी आनीक येक तांब्या घालायची. त्यांना कदी कळू दिलं न्हाई. तू बी सांगू नको."

मी बरं म्हणाले. हे पत्र तसंही कुठं टाकायचं नाहीये. पण बाबा, मला काही राहवलं नाही.